बत्तीस गुणांचा कॉम्प्युटर

एका गावात एक भोळा गिरणीवाला गाढ झोपत असे, आणि शेजारी त्याची बायको टक्क जागी असे.

गिरणीवाल्याचं नाव चिंतामण. नाव त्याचं, चिंता सगळी बायकोच्या वाट्याची. बायको विभा. ती एम.एस्सी. झालेली, दहावीच्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेणारी. दोघांची पत्रिका छत्तीसपैकी बत्तीस गुणांनी जुळली होती. उरलेले चार गुण कुठले, ते तिला लग्नानंतर कळलं.

चिंतामण वाईट माणूस मुळीच नव्हता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. व्यसन नाही. सांगितलेलं ऐकायचा. तीच अडचण होती. गावातल्या बायका दळणाच्या डब्याला चिठ्ठी लावून जात: बारीक, जाडसर, भाकरीचं. जे चिठ्ठीत तेच पिठात. एकदा एकीने घाईघाईत 'नंतर येते' एवढंच लिहून डबा ठेवला. ती नंतर आली, तर डब्यात ज्वारी ती ज्वारीच. चिंतामण म्हणाला, चिठ्ठीत दळा असं कुठे होतं?

नवऱ्याचं हे विभाच्या अंगवळणी पडलं होतं. पदरी पडलं, पवित्र झालं. तिची झोप उडाली ती मुलीमुळे.

मुलगी राही, तिसरीत. एक दिवस ती शाळेतून उजवा खांदा चोळत आली. चौकशी केल्यावर कळलं, की बाईंनी वर्गात विचारलं होतं, ज्यांना गणित कळलं नाही त्यांनी हात वर करा. राहीने केला. मग बाईंनी ते परत समजावून सांगितलं आणि राहीला ते कळलं. मग पुढचा तास झाला, मधली सुट्टी झाली, चित्रकला झाली. राहीचा हात वरच. बाई खाली करा म्हणाल्याच नव्हत्या. डबा तिने डाव्या हाताने खाल्ला.

दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा आहे. विभाला तो पाठ होता. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, कुणाचं काय कुणात उतरतं, सगळं ती फळ्यावर काढून दाखवी. आपल्या घरच्या वाटाण्यात काय उतरलंय, एवढंच पुस्तकात नव्हतं. रोज अंथरुणाला पाठ टेकली की तिच्या डोक्यात तेच सुरू होई. पोर बापावर गेली असेल का? आणि गेली असेल, तर ह्या जगात तिचं व्हायचं कसं?

ह्यातूनच कॉम्प्युटरचं निघालं.

शेजारी देशमाने सर राहत. त्यांच्या मुलाकडे, शौनककडे, गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर होता. एका बाजूला काच, आत गणपतीच्या मखरातल्यासारखे लाल-निळे दिवे. गल्लीतली पोरं संध्याकाळी तिथे जमत. राहीही जाई, आणि घरी येऊन खुशीत सांगे, आई, आज मी खूप बघितलं. विभाला वाटलं, म्हणजे खेळली असेल. एकदा ती साखर मागायच्या निमित्ताने तिकडे डोकावली. सगळ्या पोरांचा डाव येत होता. राही सगळ्यात मागे हाताची घडी घालून बसली होती. शौनकने तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तू बघ. ती बघत होती.

विभा साखर न घेताच परत आली. दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या घरात गेमचा कॉम्प्युटर येईल, आपल्या राहीचा डाव पहिला असेल, हे तिने ठरवून टाकलं. लोकांना मात्र ती सांगे, अभ्यासासाठी हवाय.

आता प्रश्न असा, की कॉम्प्युटर तयार घ्यायचा की सुटे भाग आणून घरी जुळवायचा. विभाचा भाऊ हृषीकेश पुण्यात नोकरीला होता. तो फोनवर म्हणाला, ताई, तयार घेणारे मूर्ख असतात. वरून दिवे लावतात आणि आत हलका माल घालतात. सुटे भाग घे, स्वतः जुळव. देशमाने सर म्हणाले, स्वतः जुळवणारे मूर्ख असतात, विभाताई. बिघडला तर भांडायचं कुणाशी? तयार घ्या, म्हणजे दुकानदाराचा गळा तरी धरता येतो. दोघेही हुशार होते. त्यामुळे काहीही केलं तरी आपण मूर्ख ठरणार, एवढी विभाची खात्री पटली.

मग तिने महिनाभर फोनवर वाचलं. जितकं वाचावं तितकं कमी कळे. सोमवारी तिचं मत तयारचं होई, गुरुवारी सुट्याचं. शेवटी तिने चिंतामणला तालुक्याला पाठवायचं ठरवलं. आपल्याला शिकवण्यांमुळे सवड नाही, असं ती म्हणाली. खरं तर आपण निवडलं आणि चुकलं तर रागवायचं कुणावर, ही तिला धास्ती होती. नवरा चुकला की निदान माणूस हक्काचं सापडतं.

पण त्याच आठवड्यात एक वांग्यांचं प्रकरण झालं होतं. चिंतामणने बाजारातून जांभळी, चकचकीत वांगी आणली. चिरली, तर आत किडीच किडी. विभा वैतागून म्हणाली होती, वरून चकाकतं त्याला भुलू नये माणसानं. उघडून, आत बघून मग घ्यावं.

"बरं," चिंतामण म्हणाला होता. "लक्षात ठेवतो."

आणि तो खरंच लक्षात ठेवणारा माणूस होता.

तालुक्याच्या पेठेत झुबेरभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. झुबेरभाईंनी चिंतामणला खुर्ची दिली, पंखा सोडला आणि एक तयार कॉम्प्युटर लावून दाखवला. काच, दिवे, सगळं चकचकीत. चिंतामण सावध झाला. म्हणाला, फार चकाकतंय. झुबेरभाईंना वाटलं, कौतुक करतोय. ते आतल्या खोलीत चहा सांगायला गेले. चिंतामणच्या खिशात गिरणीचा पाना कायम असे. झुबेरभाई परत आले तेव्हा काच खाली उतरवलेली होती, आतला पंखा टेबलावर होता, आणि ग्राफिक्स कार्डाचं सील फोडून चिंतामण त्यात एक डोळा मिटून बघत होता.

"साहेब, हे काय चाललंय?"

"कीड बघतोय," चिंतामण म्हणाला. "अजून तरी दिसली नाही."

झुबेरभाई सज्जन माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी चहाचा कप पुन्हा आत पाठवला आणि चिंतामणच्या खांद्याला धरून त्याला दुकानाच्या पायरीपर्यंत पोचवलं.

घरी विभाने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, ते वांग्याचं होतं. कंपनीचा माल सीलबंद असतो. त्याचं सील कधी तोडायचं नसतं."

"बरं," चिंतामण म्हणाला. "लक्षात ठेवतो."

आता त्या दुकानात तयार कॉम्प्युटर मागायला तोंड उरलं नव्हतं. तेवढ्यावर विभाचं मत सुट्याकडे झुकलं. हृषीकेशला आनंद झाला. त्याने भागांची नावं कळवली, विभाने झुबेरभाईंना फोन करून माफी मागितली, आणि पाना काढून घेऊन चिंतामणला परत पाठवलं.

झुबेरभाईंनी ह्या वेळी खुर्ची दिली, पण आतल्या खोलीत गेले नाहीत. त्यांनी एकेक खोकं समोर मांडलं आणि समजावलं. हा प्रोसेसर, म्हणजे डोकं. हा मदरबोर्ड, ह्याच्यावर ते डोकं बसतं. कुठलाही कुठल्यावर बसत नाही.

"लग्नासारखंच समजा," झुबेरभाई म्हणाले. "दोघांचं जमतंय का ते आधी बघायचं, मगच पुढे जायचं. नाहीतर जन्माची डोकेदुखी."

एवढं बोलून त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. तीच चूक झाली. चिंतामणने दोन्ही खोकी बगलेत मारली आणि थेट पेठेतल्या मारुतीच्या देवळामागे वैद्य गुरुजींकडे गेला. त्याची स्वतःची पत्रिका ह्याच गुरुजींनी जुळवली होती.

गुरुजींनी चष्मा लावला आणि खोक्यांकडे बघितलं. म्हणाले, मुलगा कोण, मुलगी कोण? चिंतामणने सांगितलं, मदर आहे ती मुलगी. गुरुजी म्हणाले, मग वयाने मोठी दिसते. जन्मतारखा खोक्यांवर छापलेल्याच होत्या. जन्मस्थळ एकाचं मलेशिया, एकीचं व्हिएतनाम. गुरुजी म्हणाले, स्थळं परदेशातली आहेत, दक्षिणा थोडी वेगळी पडेल. वेळ मात्र दोघांचीही नव्हती. गुरुजींनी ती अंदाजाने धरली, बोटं मोजली आणि मान हलवली. नाडीदोष. गुण जेमतेम अकरा.

चिंतामण प्रोसेसर बदलून घ्यायला दुकानात आला. झुबेरभाई म्हणाले, अहो, हाच बसतो. चिंतामण म्हणाला, नाही जमणार. त्याने दुसरा नेला. त्याला मंगळ निघाला. तिसरा नेला. संध्याकाळ व्हायच्या आत जोडी जमली. झुबेरभाई शेवटचं म्हणाले, की हा ह्या मदरबोर्डवर बसणार नाही, साहेब, पाय वेगळे आहेत. चिंतामण म्हणाला, गुरुजींनी बघितलंय. झुबेरभाईंनी हात जोडले. गिऱ्हाईक हा देव, आणि देवापुढे माणूस किती बोलणार?

दुसऱ्या दिवशी विभा शिकवणी संपवून बाहेरच्या खोलीत आली, तर चिंतामण घामाघूम होऊन उभा. समोर खोक्यांचा मनोरा. तळाला कॉम्प्युटरच्या डब्याचं खोकं, त्यावर पडद्याचं, त्यावर मदरबोर्डाचं, मग बाकीची, सगळ्यात वर प्रोसेसरची एवढीशी डबी. सगळं सुतळीने करकचून बांधलेलं. एकाही खोक्याची चिकटपट्टी निघालेली नव्हती. राही बाजूला सुतळीचं टोक धरून उभी होती, कारण बाबा म्हणाले होते, धर.

"जुळवला," चिंतामण म्हणाला. "फक्त चालू कुठून करायचा ते सापडत नाहीये. बटण खोक्याच्या आत आहे."

"मग खोकं उघडा ना."

"सील तोडायचं नसतं. तूच म्हणालीस."

विभाने सुरी आणली आणि सुतळीपासून सुरुवात करून सगळं स्वतः उघडलं. फोनवर हृषीकेश, मांडीवर मदरबोर्ड. पण प्रोसेसर काही बसेना. असा धरून बघितला, तसा धरून बघितला. राहीसुद्धा म्हणाली, आई, ह्याचे पाय वेगळे आहेत. विभाला क्षणभर बरं वाटलं, की पोरीला दिसतंय. मग तिने नवऱ्याला विचारलं, हा कुणी निवडला? तेव्हा गुरुजींचं बाहेर आलं.

"अकरावरून वर आणले," चिंतामण अभिमानाने म्हणाला. "बत्तीस. आपल्याइतकेच."

विभाने प्रोसेसर बोर्डवरून उचलला आणि हलकेच डबीत ठेवला. हृषीकेश फोनवर हसत होता. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, वस्तूची पत्रिका बघत नसतात हो. सरळ विचारायचं. आत काय घातलंय, किती वर्षं चालेल, बिघडलं तर परत घेता का. आणि वरच्या दिव्यांना भुलायचं नाही.

"बरं," चिंतामण म्हणाला. "लक्षात ठेवतो."

विभाला वाटलं, ह्या वेळी तरी नीट सांगितलं. आणि सांगितलं होतंही नीट. फक्त पुढच्या रविवारी घरी कॉम्प्युटर येणार नव्हता. पाहुणे येणार होते.

विभाच्या धाकट्या बहिणीचा, गार्गीचा, बघण्याचा कार्यक्रम होता. मुलाकडचे तालुक्याचेच, म्हणून त्यांच्या सोयीसाठी तो विभाच्या घरी ठरला. विभाचे वडील आले होते, पण त्यांचा घसा बसला होता. ते म्हणाले, बोलणं जावईबापूंनी करावं. विभाला पोहे परतायला स्वयंपाकघरात जायचं होतं. जाता जाता तिने नवऱ्याला बजावलं, नुसतं गप्प बसू नका, दोन प्रश्न तरी विचारा. शिकलेल्या बाईने इतकं बेसावध वाक्य बोलायला नको होतं.

मुलगा गोरा, उंच, कडक इस्त्रीचा. अंगात चमकणारा कोट. हातात चमकणारं घड्याळ. त्याचे वडील सोफ्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, आमचा मुलगा अगदी तयार आहे. फ्लॅट झालाय, गाडी झालीय, तुमच्या मुलीला काही करावं लागणार नाही.

चिंतामणने मुलाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तयार आहे, म्हणजे आत हलका माल घातलेला असतो," तो म्हणाला. "मेव्हणा सांगतो. आत काय घातलंय?"

वडिलांनी कान पुढे केला. त्यांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"किती वर्षं चालेल?" चिंतामणने विचारलं. "आणि बिघडला तर परत घेता का?"

मुलाची आई पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाली, आमच्या मुलात बिघडण्यासारखं काही नाही. चिंतामण समजुतीने म्हणाला, असं सगळेच दुकानदार म्हणतात, पण लिहून देत नाहीत. दिवे छान लावलेत तुम्ही, तक्रार नाही.

तेवढ्यात राही, जी आतापर्यंत दाराशी उभी होती, बापाच्या मदतीला धावली.

"बाबा, उघडून बघा ना. कीड असली तर?"

पाहुणे उठले. पोहे तसेच राहिले. जाताना मुलाच्या वडिलांनी विभाच्या वडिलांना विचारलं, जावई तुम्ही पत्रिका बघूनच केला होता ना? गार्गी तेवढी आत ओट्याला टेकून पदर तोंडात कोंबून हसत होती. तिला त्या मुलाचा फोन आला होता आदल्या दिवशी. त्याने तिची उंची, पगार आणि पोळ्या, ह्याच क्रमाने विचारलं होतं.

विभाला मात्र हसू येण्यासारखं काही नव्हतं. तिने आधी राहीला समोर उभं केलं.

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. काहीही झालं तरी. कळलं?"

"बरं," राही म्हणाली. "लक्षात ठेवते."

शब्द तेच, मान हलवायची तऱ्हा तीच. पण आधी मोठ्या वाटाण्याचं बघायचं होतं. विभा नवऱ्याकडे वळली.

"अहो, घरी कुणी आलं, की असं फैलावर घ्यायचं नसतं. आधी बसायला पाट द्यावा. प्रवास कसा झाला विचारावं. प्यायला पाणी द्यावं, मग चहा. प्रश्न, उघडाउघडी, काय असेल ते सगळं त्यानंतर."

"बरं," चिंतामण म्हणाला. "लक्षात ठेवतो."

दिवाळी तोंडावर आली. विभाने आता कुणालाच विचारलं नाही. एक दिवस शिकवणी बंद ठेवून ती स्वतः झुबेरभाईंकडे गेली. त्यांच्याशी बोलून एक मधला मार्ग काढला. भाग तिने निवडायचे, प्रोसेसर झुबेरभाईंनी बदलून द्यायचा, आणि सगळं त्यांच्याच माणसाने दुकानात जुळवून, चालवून बघून, तयार करून घरी आणून द्यायचं. हृषीकेश म्हणाला, म्हणजे तयारच घेतलास, मूर्ख. देशमाने सर म्हणाले, म्हणजे सुटाच घेतलात, मूर्ख. दोघांचंही समाधान झालं.

ती निघताना झुबेरभाईंनी विचारलं होतं, की लग्न कसं चाललंय प्रोसेसरचं? विभा हसली होती. कितीतरी दिवसांनी हसली होती.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी कॉम्प्युटर आला. सकाळपासून राहीने गल्लीतल्या पोरांना आमंत्रणं दिली होती. शौनकलासुद्धा. विभाने तिला विचारलं होतं, आपल्याकडे पहिला डाव कुणाचा? राही म्हणाली, पाहुण्यांचा. मग दुसऱ्या पाहुण्यांचा. मग माझा. विभाला हे पटलं नाही. पण डाव येणार होता, एवढं पुरे होतं.

झुबेरभाईंचा माणूस टेम्पोतून कॉम्प्युटर घेऊन आला. त्याने तो टेबलावर बसवला, तारा जोडल्या, चालू करून दाखवला. काचेच्या आड दिवे लागले. लाल, निळे, हिरवे. पडद्यावर गेम उघडला. चिंतामणने कुठेही हात लावला नाही, आत डोकावलं नाही, एकही प्रश्न विचारला नाही. विभा त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, शिकला. उशिरा का होईना, माणूस शिकला. आणि बाप शिकू शकतो, तर पोरीचीही काळजी नको.

इतक्या हलक्या मनाने ती कोपऱ्यावरच्या दुकानात पोरांसाठी खाऊ आणायला गेली. पोरं यायला अजून वेळ होता. वेफर्स, शेंगदाण्याची चिक्की, सरबताची बाटली. दुकानदाराला तिने विचारलं नसताना सांगितलं, आमच्याकडे गेमचा कॉम्प्युटर आलाय. अभ्यासासाठी म्हणायचं ती विसरली.

परत आली तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. आत शिरली, तर पोरं भिंतीला लागून ओळीने मांडी घालून बसलेली. शौनक सगळ्यात पुढे, मानाच्या जागी, तोंड उघडं.

टेबल रिकामं होतं. कॉम्प्युटर खोलीच्या मधोमध पाटावर होता. पाटाभोवती रांगोळी. कॉम्प्युटरच्या कपाळी, म्हणजे काचेवर, हळदकुंकू. शेजारी तांब्या नि फुलपात्र. पाटाखालून पाण्याचा एक ओघळ निघून रांगोळी पुसत उंबऱ्याकडे चालला होता. काचेच्या आड अंधार होता. कसलातरी करपट वास येत होता, पण तो आत उकळत असलेल्या चहाचा नव्हता.

चिंतामण गुडघे मोडून समोर बसला होता. बायकोला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," तो म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

विभाच्या हातातली पिशवी खाली टेकली. चिंतामणने झालेलं सगळं हळू आवाजात, क्रमाने सांगितलं. पाट दिला. प्रवास कसा झाला विचारलं, तर आतून नुसता घूं घूं आवाज. टेम्पोने अंग आंबलं असेल, असं तो त्याला म्हणाला. मग पाणी दिलं. तोंड कुठे ते आधी कळेना. मग वर जाळी दिसली. तिथून ओतलं, तर सगळं प्यायला. फार तहानलेला होता बिचारा, अख्खा तांब्या संपवला. मग चट्‌ असा आवाज झाला, दिवे मालवले आणि निजला.

"ह्या वेळी काही म्हणजे काही चुकलं नाही," चिंतामण म्हणाला. "चहा टाकलाय. उठला की देतो."

विभा भिंतीला टेकली. नवऱ्यावर रागवायचं तिला सुचलंच नाही. तिची नजर राहीवर गेली. राही पाटाच्या बाजूला बसली होती, हाताची घडी घालून, अगदी तशीच, जशी शौनकच्या घरी बसायची. डोळ्यांत पाणी काठोकाठ भरलेलं. म्हणजे तिला कळत होतं. काय झालंय ते पोरीला पुरतं कळत होतं. इतक्या सगळ्यात विभाच्या मनात आशेचा एक कोंब फुटला.

तिने राहीला जवळ घेतलं आणि विचारलं, कॉम्प्युटरमध्ये पाणी गेलं की तो बिघडतो, हे तुला माहीत होतं का? राहीने मान डोलावली. शौनकच्या घरी पाण्याची बाटलीसुद्धा आत नेऊ देत नाहीत, म्हणाली.

"मग बाबा पाणी ओतत होते, तेव्हा तू त्यांना थांबवलं का नाहीस?"

राहीने डोळे पुसले आणि बापाकडे एकदा, पाटावरच्या पाहुण्याकडे एकदा बघितलं.

"ते दोघं बोलत होते ना," ती म्हणाली. "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. काहीही झालं तरी."